जमीन उपलब्ध झाली

एक नळ. त्यावर संगमरवरी पाटी, पाटीवर दात्याचं नाव. नळाला पाणी येत नाही.

दोन सागवानी खुर्च्या. एकीची पाठ बोटभर उंच निघाली म्हणून ती सुताराकडे परत गेली आणि तासून आली.

रस्त्याच्या कडेला पेट्रोल पंप, पंपाला लागून झेरॉक्स, झेरॉक्सला लागून चिकन सेंटर, आणि या सगळ्यांच्या पाठीमागे कॉलेजचं फाटक.

लोखंडी पलंगाखाली ट्रंक. ट्रंकेत शाली, घडीसुद्धा न मोडलेल्या.

अँड. अँड. अँड आल्सो.

"काळुंगे मॅडम, याचं ऑपरेशन करायचंय," प्राचार्य तोडकर म्हणाले आणि त्यांनी एक जाडजूड पुस्तिका माझ्यापुढे सरकवली.

कॉलेजचा अहवाल होता तो. मागच्या वेळी मूल्यांकन समिती आली तेव्हा तिला दिलेला. समितीने जाताना शेरा मारला होता की अहवालाच्या इंग्रजीत रन-ऑन वाक्यांचा सुळसुळाट आहे, कुठलं विधान कुठे संपतं आणि दुसरं कुठे सुरू होतं हे समजत नाही. श्रेणी मिळाली सी.

"दादासाहेबांना वाटलं, कौतुकच केलंय," सर आवाज खाली आणून म्हणाले. "वाक्यं धावतायत म्हणजे संस्था धावतीय. दोन सत्कारांत भाषणात सांगितलं त्यांनी. मग कुणीतरी कानात सांगितलं."

दादासाहेब हिंगमिरे संस्थेचे अध्यक्ष. अण्णासाहेब हिंगमिरे सचिव. सख्खे भाऊ. बोलत नसत.

"यंदा समिती परत येतीय. एकही रन-ऑन दिसता कामा नये. तेवढं करून द्या, आणि मग..." सरांनी ड्रॉवर अर्धा उघडला. आत एक टाइप केलेला कागद होता. माझं नाव मला उलटं वाचता आलं. सरांनी ड्रॉवर लावला.

येळवंड हे सोलापूर जिल्ह्याच्या अगदी टोकाचं गाव, पलीकडे कर्नाटक. तिथे मी सात वर्षं इंग्रजी शिकवत होते, तासिका तत्त्वावर. म्हणजे तास झाला तर मानधन, परीक्षा लागल्या की मानधन बंद, आणि उन्हाळ्यात मी या जगात नाहीच. जून उजाडला की पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत, पुन्हा तेच चार चेहरे मला विचारत, "आपला परिचय द्या." ड्रॉवरमधला तो कागद कायम नेमणुकीचा होता.

मी पुस्तिका उचलली.

,

मुलांना मी शिकवायचे ते असं: रन-ऑन म्हणजे लांब वाक्य नव्हे. लांब वाक्य धडधाकट असू शकतं आणि चार शब्दांचं रन-ऑन असू शकतं. दोन पूर्ण वाक्यं मध्ये भिंत न घालता एकमेकांना चिकटवली की रन-ऑन होतं. नुसता स्वल्पविराम म्हणजे भिंत नव्हे, तो पडदा झाला. मग ओळखायचं कसं? क्रियापद शोधा. त्याला विचारा, "कोणी?" उत्तर मिळालं की एक घर झालं. नवा 'कोणी' आला की नवं घर. दोन घरांच्या मध्ये पूर्णविराम टाका, अर्धविराम टाका, नाहीतर 'कारण', 'म्हणून' असं काहीतरी दार बसवा.

आता अहवालाचं पहिलं वाक्य. मराठीत ते साधारण असं येईल, श्वास घेऊन ठेवा: आमचं कॉलेज कै. अप्पासाहेब हिंगमिरे यांच्या स्वप्नातून सुरू झालं अँड अध्यक्ष श्री. दादासाहेब यांचं नेतृत्व लाभलं अँड त्याच वेळी सचिव श्री. अण्णासाहेब यांचं नेतृत्व लाभलं, इमारत उभी राहिली, परिसर हिरवागार आहे अँड आमदारसाहेबांचा आशीर्वाद आहे, जमीन उपलब्ध झाली, मुलींना स्वतंत्र खोली आहे अँड आल्सो प्रयोगशाळेत उपकरणं आहेत, दोन्ही बंधू पहाटे उठतात अँड त्यामुळे विद्यार्थ्यांचा सर्वांगीण विकास होतो अँड

एवढ्यावर पान उलटावं लागे.

मी लाल पेन घेतलं आणि कापत सुटले. खरं सांगायचं तर मजा आली. ऑफिसात टाइप करायला दिलं तेव्हा माळवदे भाऊसाहेबांनी चष्मा कपाळावर चढवून पहिलं पान बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"मॅडम, बाकीची पानं भाजीसारखी चिरा. हे एवढं वाक्य सोडा."

"का बरं?"

"हे वाक्य नाही. तह आहे."

मग त्यांनी सांगितलं. अप्पासाहेब गेले आणि भावांचं फाटलं, तेव्हा संस्थेचे दोन तुकडे व्हायची वेळ आली होती. आर्ट्स एकाला, सायन्स दुसऱ्याला असं घाटत होतं. तेवढ्यात पहिला अहवाल छापायला गेला. दोन्हीकडचे वकील बसले, दोघे भाऊ बसले, आणि हे वाक्य बनलं. एक तुकडा दादांचा, एक तुकडा अण्णांचा. दोघांनाही पूर्णविराम मान्य होईना.

"पूर्णविरामाच्या पुढचा माणूस म्हणजे पंगत उठल्यावर बसलेला," भाऊसाहेब म्हणाले. "म्हणून अँड. अँडमध्ये कुणी उठत नाही, सगळे जेवतच असतात."

"पण समितीला हे वाक्य चालत नाही, भाऊसाहेब."

"मग सभेत घ्या विषय. माझ्या टाइपवर येऊ देऊ नका."

;

सभा कॉलेजच्या छोट्या हॉलमध्ये झाली. त्या दोन खुर्च्या मध्यभागी, एका उंचीच्या. चहा आणायची तिथली पद्धत अशी की दोन शिपाई दोन बाजूंनी यायचे आणि दोन्ही भावांपुढे कप एकाच क्षणी टेकवायचे. त्याचा सराव करताना मी त्यांना व्हरांड्यात पाहिलेलं आहे. दादासाहेबांच्या अंगाला झेडपीचे सदस्य म्हेत्रे, अण्णासाहेबांच्या अंगाला त्यांचे वकील, आणि खिडकीपाशी एकटी वेगळ्या खुर्चीत नीलव्वा. नीलव्वा म्हणजे या दोघांची सख्खी आत्या, अप्पासाहेबांची थोरली बहीण. ती संस्थेची आजीव सदस्य होती. सदस्यांपैकी कुणी ना कुणी कुणावर तरी रुसलेला असे, त्यामुळे गणपूर्तीसाठी तिला दर सभेला जीप पाठवून आणावंच लागे. आणायचे, सही घ्यायचे, चहा पाजायचे, पोचवायचे.

"मॅडमनी समितीच्या शेऱ्यानुसार वाक्याचे भाग केलेत," तोडकर सरांनी सुरुवात केली.

अण्णासाहेबांनी कागद हातभर लांब धरून वाचला.

"पहिल्या वाक्यात दादा. मी दुसऱ्यात."

"लगेच पुढच्याच वाक्यात, सर," मी म्हणाले.

"पुढच्याच म्हणजे मागच्याच की."

"असं असेल तर त्याला आधी घ्या," दादासाहेब छताकडे बघत उदारपणे म्हणाले. त्यावर म्हेत्रे ताडकन उठले. "असं कसं दादा? आज वाक्यात आधी घ्याल, उद्या फाटकावरच्या बोर्डावर घ्याल!"

"दोघांना एकाच वाक्यात घेऊ," मी म्हणाले. "दादासाहेब आणि अण्णासाहेब नेतृत्व करतात. एकच क्रियापद."

"म्हणजे नेतृत्व एक आणि माणसं दोन?" वकिलांनी विचारलं. "वाटणी कशी धरायची?"

"मग मध्ये अर्धविराम टाकता येईल. वाक्य थांबतं, पण तुटत नाही. दोन्ही बाजू सारख्या वजनाच्या."

हे दोघांनाही बरं वाटलं. अण्णासाहेब पुढे झुकले. "दिसतो कसा तो?"

मी फळ्यावर मोठा काढून दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले.

"वर टिंब आहे. खाली शेपूट."

"हो सर."

"टिंब कुणाचं?"

"कुणाचंच नाही, सर. ते चिन्ह आहे."

"चिन्ह असू दे. शेपूट माझ्याकडं वळलंय."

तोडकर सरांनी रुमालाने मान पुसली. "मॅडम, तुम्ही वर्गात शिकवता ती पद्धतच सांगा ना. शास्त्रीय आहे म्हटल्यावर सगळ्यांना पटेल."

मी फळा पुसला आणि एकेक क्रियापद लिहायला लागले. लिहायचं आणि सभेला विचारायचं. वर्गात विचारते तसंच.

"इमारत उभी राहिली. कोणी उभारली?"

"सरकारी अनुदान," म्हेत्रे म्हणाले.

"आणि आमदार फंड," वकील म्हणाले.

"छान. परिसर हिरवागार आहे. झाडं कोणी लावली?"

"पोरांनी. श्रमदानात."

"आणि वाळवली कुणी, ते पण घ्या," मागून कुणीतरी म्हणालं आणि हॉल हसला. दादासाहेबही हसले, अण्णासाहेबही, मात्र वेगवेगळ्या दिशांना तोंड करून. मला हुरूप आला. सात वर्षांत पहिल्यांदाच त्या हॉलमध्ये लोक मी विचारलेल्याची उत्तरं देत होते.

"जमीन उपलब्ध झाली. कोणी उपलब्ध करून दिली?"

म्हेत्रे कपात बघू लागले. वकिलांनी घड्याळाला चावी द्यायला घेतली, ते सेलवर चालणारं असूनही. मला वाटलं, माझं मराठी जड झालं. म्हणून सोपं करून परत विचारलं.

"म्हणजे जमीन कोणी दिली?"

"मी दिली की."

नीलव्वा बशीत चहा ओतत होती. मान वर न करताच ती बोलली.

दादासाहेब हसले. "आत्या, हे इंग्रजीचं चाललंय."

"असू दे की." तिने बशी तोंडाला लावली, घोट घेतला, बशी खाली ठेवली. "मराठीत मी दिली. मग इंग्रजीत कुणी दिली?"

दादासाहेबांनी अण्णासाहेबांकडे पाहिलं. अण्णासाहेबांनी दादासाहेबांकडे पाहिलं. हे दोघे एकमेकांकडे सरळ बघतात हे मला माहीत नव्हतं.

"सभा तहकूब," दोघे म्हणाले. इतके एकदम, की आधी कोण बोललं यावर पुढे त्या गावातसुद्धा कधी वाद झाला नाही.

,

संध्याकाळी मी नीलव्वाकडे गेले. बसवेश्वराच्या देवळामागे तिची खोली होती. पलंग, चूल काढून तिथे बसवलेली गॅसची शेगडी, आणि ती शालींची ट्रंक. दर स्नेहसंमेलनाला संस्था तिला शाल-श्रीफळ देत असे. नारळ ती शेंगाच्या चटणीत घालून संपवायची, शालींचं काय करायचं ते तिला कळत नव्हतं. सोलापूरच्या उन्हात शाल घेऊन करायचं काय?

"मला इंग्रजीच्या बाईंनी विचारलं म्हणून मी सांगितलं," ती म्हणाली. "काय वाईट झालं काय?"

"नाही हो. मलाच ठाऊक नव्हतं."

"गावाला ठाऊक आहे. जा, कुणाला पण विचार."

मग तिने आपणहूनच सांगितलं. वडील गेले आणि महिना झाला नाही तोवर धाकटा भाऊ अप्पा तिच्यापुढे येऊन बसला. इरकल साडी घेऊन. सोबत तलाठी. म्हणाला, अक्का, हक्कसोड करून दे, वडिलांच्या जमिनीतला तुझा वाटा मला सोडलास असं लिहून दे, समद्या बहिणी देतात.

"साडी फार चांगली होती गं. हिरवी, लाल काठाची. घेतली मी."

"आणि सही?"

"सही नाही केली."

"साडी मात्र घेतली?"

"घेतली की! भावानं बहिणीला आणलेली साडी. तीत त्यानं कागद गुंडाळून आणला, त्यात साडीचा काय दोष?" ती खुदकन हसली आणि मग थांबली. "भाऊ बोलायचा बंद झाला. नवरा मेलेली मी, त्याच्या दारात राहायची, आणि तो माझ्या अंगावरनं जायचा, बोलायचा नाही. बायका म्हणायच्या, हिनं भावाच्या तोंडातला घास काढला. लई दिवस काढले असे. मग मीच म्हटलं, अप्पा, तुला नको, मला नको. रस्त्याकडची माझी सगळी जमीन घे आणि पोरींची शाळा काढ. मला चौथीतनं काढली होती. बक्षीसपत्र करून दिलं."

"मग शाळा?"

"शाळा कुठली? कॉलेज काढलं, पोरांचं. पोरींना ती खोली. आणि रस्त्याकडं भाच्यांचा पंप." तिने खिडकीतून बोट दाखवलं, जणू पंप त्या खिडकीतून दिसत होता. "मी म्हटलं, बाबांनो, पोरींची शाळा कुठाय? तर म्हणतात, आत्या, पोरी येतात की कॉलेजात. आणि माझ्या नावाचा नळ बसवला."

"अहवालात तुमचं नाव यावं असं वाटतं का तुम्हाला?"

"नाव काय करायचंय? नाव आहे की नळावर." तिने पदराने तोंड पुसलं. "पण बाई, कुणी विचारलं तर कुणीतरी सांगायला नको?"

मी निघाले तेव्हा ती चप्पल घालून दारापर्यंत आली.

"तुला भाऊ आहेत?"

"दोन आहेत."

"मग तुला काय सांगत बसले मी," नीलव्वा म्हणाली.

;

चार दिवसांनी तोडकर सरांच्या केबिनमध्ये दोन्ही भाऊ होते. त्या दोन्ही खुर्च्याही हॉलमधून आणलेल्या होत्या. मला स्टूल दिलं.

"मॅडम, तुमचा त्रास वाचवला," सर म्हणाले. "मी स्वतःच बसलो. तुमचीच पद्धत लावली."

पहिलं पान नव्याने टाइप होऊन आलं होतं. त्याचं मराठी देते.

कॉलेज सुरू झालं. नेतृत्व लाभलं. इमारत उभी राहिली. परिसर हिरवा करण्यात आला. जमीन उपलब्ध झाली. मुलींची सोय झाली. विकास होतो.

मी ते दोनदा वाचलं. कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. प्रत्येक वाक्य आपल्या पायावर उभं, प्रत्येकाच्या शेवटी ठणठणीत पूर्णविराम. वर्गातल्या एखाद्या मुलाने लिहून आणलं असतं तर मी त्याच्या वहीवर 'उत्तम' लिहिलं असतं.

"एकही रन-ऑन नाही," सर म्हणाले.

"नाही."

"आणि कुणाचंच नाव नाही, त्यामुळे कुणाचा अपमान नाही," दादासाहेब म्हणाले. "मला आवडलं. अण्णालाही आवडलं."

"दादाला आवडलं तेव्हाच मला पण आवडलं," अण्णासाहेब म्हणाले. 'तेव्हाच'वर त्यांनी जोर दिला.

पानाच्या खाली एक ओळ होती: भाषातपासणी, प्रा. वैजयंता काळुंगे. माझ्या नावामागे 'प्रा.' मी पहिल्यांदाच छापलेलं बघत होते. मस्टरवर तोवर नुसतं 'काळुंगे (ता.)' असे. सरांनी ड्रॉवर उघडून तो कागद बाहेर काढला आणि आता सुलटा माझ्यापुढे ठेवला. फक्त तारीख घालायची राहिली होती.

"इथं सही करा, मी तिथं करतो," सर म्हणाले.

"सर, पाचव्या वाक्यात एक नाव घालू या. 'श्रीमती नीलव्वा यांनी जमीन दिली.' बाकी काहीच बदलत नाही. वाक्य उलट छोटंच राहील."

"आत्ताच्या वाक्यात व्याकरणाची चूक आहे का?"

"नाही."

"मग तुमचं अडलंय कशात?"

"मी भर सभेत विचारलं होतं, सर. उत्तर आलंय."

"मॅडम," अण्णासाहेब फार मऊ आवाजात म्हणाले, "आत्या आम्हाला देवासारखी आहे. पण नाव घातलं की ती म्हणणार, कशासाठी दिली ते पण घाला. ते घातलं की पंप कशात बसवायचा?"

"पंपाचं वाक्य वेगळं आहे, अण्णा," दादासाहेब म्हणाले.

"तेच म्हणतोय मी. वेगळं आहे तर वेगळंच राहू दे. चिकटवायचं कशाला?"

रन-ऑन म्हणजे काय हे त्या खोलीत आता सगळ्यांना कळलेलं होतं.

"मॅडमच्या घरी कोण कोण असतं?" दादासाहेबांनी सरांना विचारलं, मी तिथे नसल्यासारखं.

"मिस्टर आजारी असतात," सर म्हणाले. "मुलगी बारावीला."

"मग तर विचार करायला पाहिजे."

मी पेन उघडलं. 'जमीन उपलब्ध झाली' यावर काट मारली, वर नीलव्वाचं नाव लिहिलं, 'दिली' लिहिलं, आणि सहीची जागा कोरी ठेवून पान सरांकडे सरकवलं. सरांनी एकदा पान पाहिलं, एकदा मला पाहिलं, आणि नेमणुकीचा कागद दोन बोटांनी उचलून पुन्हा ड्रॉवरमध्ये ठेवला. ड्रॉवर लावताना त्यांनी आवाज होऊ दिला नाही. माणूस वाईट नव्हता.

भाषातपासणीवर भूगोलाच्या सरांनी सही केली.

,

समिती आली. गाड्यांना तोरणं, पाहुण्यांना फेटे, जेवायला शेंगापोळी. मला गुच्छ द्यायच्या रांगेत उभं केलं होतं. वर्ष संपेपर्यंत मी होतेच. नीलव्वाला त्या दिवशी जीप गेली नव्हती. ती चालत आली आणि पहिल्या रांगेत, आमदारांसाठी ठेवलेल्या खुर्चीत बसली. तिला उठवणार कोण?

समितीचे अध्यक्ष परराज्यातले होते. त्यांनी इंग्रजीत विचारलं, या कोण?

दादासाहेबांनी हात जोडले. त्यांचं इंग्रजी त्या दिवशी स्वच्छ होतं. "सर, शी इज लाइक अवर मदर."

अण्णासाहेबांनीही हात जोडले. "लाइक मदर, सर."

समितीचे अध्यक्ष हेलावले. त्यांनी खाली वाकून नीलव्वाला नमस्कार केला, फोटो निघाला. नीलव्वाने माझा पदर ओढला.

"काय म्हणाली गं पोरं?"

"तुम्ही आईसारख्या आहात म्हणाले."

"आई केलं?" तिने दोन्ही भाच्यांकडे नीट निरखून पाहिलं. "हुशार आहेत. आत्या वाटा मागती. आई कधी मागती का?"

"व्हॉट इज शी सेइंग?" समितीच्या अध्यक्षांनी विचारलं.

"ब्लेसिंग, सर," तोडकर सर म्हणाले. "ब्लेसिंग अस ऑल."

"सर, ती म्हणतीय की ही जमीन तिने मुलींच्या शाळेसाठी दिली होती," मी इंग्रजीत म्हणाले. साधं वाक्य होतं. कर्ता होता, क्रियापद होतं, शेवटी मी थांबलेही.

समितीचे अध्यक्ष माझ्याकडे बघून प्रसन्न हसले. "व्हेरी गुड इंग्लिश," ते म्हणाले, आणि त्यांना प्रयोगशाळा बघायला नेलं.

कॉलेजला ए श्रेणी मिळाली. अहवालाची भाषा नेमकी आणि निर्दोष असल्याची खास नोंद होती. भाऊसाहेबांनी मला ती चोरून वाचायला दिली. समितीचं ते अख्खं पान एका वाक्याचं होतं, अँड, अँड आल्सो, अँड ड्यू टू विच. भाऊसाहेब म्हणाले, "करता का दुरुस्त?" आम्ही दोघं हसत बसलो.

जूनमध्ये माझ्या जागी म्हेत्रेंची भाची लागली. तिचं इंग्रजी चांगलं होतं, खोटं कशाला बोलू? कॉलेज आणि पंप दोन्ही अजून आहेत. भाऊ पुन्हा बोलेनासे झाले, पण आत्याचा विषय निघाला तर बोलतात, असं भाऊसाहेब सांगायचे. नीलव्वाच्या मातीला दोघे एकाच गाडीतून गेले.

मी बार्शीला क्लास काढला. स्पर्धा परीक्षेची मुलं येतात, त्यात मुली जास्त. अजून तेच शिकवते. क्रियापद शोधा. त्याला विचारा, कोणी? मुली भराभर ओळखतात, भराभर पूर्णविराम टाकतात, आणि वर बघतात.

माझ्या हक्कसोडपत्रावर मी सही केली ती येळवंडच्या त्या सभेच्या आदल्या श्रावणात, पंचमीला माहेरी गेले होते तेव्हा. दोन पानांचा मजकूर होता आणि त्यात पूर्णविराम एकच होता, सहीच्या वर.